वेल्डिंग मशीनचा करंट कमी-जास्त करण्याची कोणती सोय खेड्यातील वर्कशॉपला सोयीची?

गावात अवजारदुरुस्तीचे वर्कशॉप सुरू करताना करंट प्लगने बदलणारे, चाकाने बदलणारे की इन्व्हर्टरचे (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारे) मशीन घ्यावे, असे आपण विचारले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी ही तिन्ही मशीन वापरली आहेत. माझा कौल चाकाच्या मशीनला आहे, आणि त्याचे मुख्य कारण आपल्याकडची वीज हे आहे.

प्लगच्या मशीनमध्ये कॉइलमधून ठरावीक ठिकाणी जोड बाहेर काढलेले असतात, त्यामुळे करंट टप्प्याटप्प्यानेच बदलतो. 2.5 मिलिमीटरच्या रॉडने पातळ पत्रा जोडताना एका टप्प्यावर रॉड चिकटतो आणि पुढच्या टप्प्यावर पत्र्याला भोक पडते. प्लग सैल बसला तर तिथेच तापून जळतो. आर्क (रॉडच्या टोकाशी पेटलेली विजेची ज्योत) चालू असताना तर तो मुळीच काढू नये.

चाकाच्या मशीनमध्ये चाक फिरवले की आट्यांच्या दांड्यावरून प्रायमरी (विजेच्या बाजूची) आणि सेकंडरी (रॉडच्या बाजूची) कॉइलच्या मधला लोखंडी गाभा सरकतो. तो आत गेला की चुंबकीय प्रवाहाचा बराच भाग सेकंडरीपर्यंत न पोहोचता मधूनच वळतो आणि करंट घटतो. बाहेर आला की वाढतो. मधला कोणताही आकडा मिळतो, आणि आपल्याकडे त्याची गरज रोज पडते. रब्बीत हरभऱ्या-गव्हाच्या पाण्यासाठी सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले आणि 230 व्होल्टचे 190 झाले, तर 110 अँपिअरवर लावलेले ट्रान्सफॉर्मर मशीन (म्हणजे प्लगचे किंवा चाकाचे) प्रत्यक्षात 90 च्या आसपास देते. 3.15 मिलिमीटरच्या रॉडसाठी ही अगदी खालची मर्यादा आहे. टाका वर फुगलेला दिसतो, पण आत मुरत नाही, आणि असा जोड वर्कशॉपमध्ये नव्हे, तर जूनमध्ये वखराची पास दगडाला लागल्यावर सुटतो. अशा वेळी काटा काय दाखवतो ते न पाहता भंगाराच्या तुकड्यावर टाका मारून चाक फिरवावे.

इन्व्हर्टर ठरावीक मर्यादेपर्यंत व्होल्टेजची घसरण स्वतः सांभाळतो आणि पातळ पत्र्यावर त्याच्याइतके सफाईदार काम दुसऱ्या मशीनने होत नाही, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु ग्राइंडरचा लोखंडी भुसा पंख्यातून आत जाऊन त्याच्या सर्किट बोर्डावर बसतो. माझा एक इन्व्हर्टर असाच निकामी झाला आणि गावात तो दुरुस्त करणारे कोणी नव्हते. चाकाच्या मशीनचे आटे झिजले, तर गाभा थरथरतो, आवाज वाढतो आणि करंट स्थिर राहत नाही, पण ते काम लेथवाला करून देतो.

आपले काम मुख्यतः गेट-खिडक्यांचे असेल, तर मात्र इन्व्हर्टरच घ्यावा, तो ग्राइंडरपासून दूर ठेवावा आणि किमान किती व्होल्टवर तो चालतो हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे.