पैसे मोजून घेतलेल्या लढाऊ विमानावरही विकणाऱ्या देशाच्या अटी असतात का?

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपल्याविरुद्ध अमेरिकेकडून घेतलेलं एफ-१६ लढाऊ विमान वापरलं, तर अमेरिकेने कारवाई का केली नाही, आणि रोख पैसे मोजून घेतलेल्या विमानावर असल्या अटी असतातच कशा.

मी हवाई दलातला नाही. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करतो. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या शेडमध्येच मिळालं. मालकांनी कर्ज काढून एक परदेशी पाच अक्षांचं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकावर चालून धातू कापणारं यंत्र, आणलं. घेताना एका कागदावर सही द्यावी लागली: यावर क्षेपणास्त्राचे किंवा अण्वस्त्राचे भाग करणार नाही, न विचारता दुसऱ्याला विकणार नाही. सही केली आणि विसरलो. पुढच्या पावसाळ्यात शेडचा तो कोपरा गळायला लागला, म्हणून मशीन आठ-दहा फूट बाजूला घेतलं. चालू केलं तर स्क्रीनवर लॉक! आत जागा बदलली हे ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं. कंपनीचा माणूस येऊन, मशीन अजून आमच्याकडेच आहे याची खात्री करून, कोड टाकेपर्यंत नऊ दिवस ते ताडपत्रीखाली झाकून ठेवलं होतं. बँकेचा हप्ता मात्र चालू होता.

लढाऊ विमानाचंही असंच. फक्त कोडवाला माणूस येणार की नाही हे तिथे विकणाऱ्या देशाचं सरकार ठरवतं.

पाकिस्तानला २००६ साली नवी एफ-१६ द्यायचं ठरलं, तेव्हा अमेरिकन संसदेसमोर अटी सांगितल्या गेल्या. विमानं देशाबाहेर न्यायची किंवा तिसऱ्या देशाबरोबर सरावात उतरवायची तर आधी अमेरिकेची परवानगी. दुसऱ्या देशांच्या विमानांपासून ती वेगळ्या तळांवर ठेवायची. (रोख चीनकडे होता, हे उघड आहे.) संवेदनशील भागांपाशी एकट्या माणसाने जायचं नाही, दोघांनी मिळूनच. आणि देखरेखीला अमेरिकन पथक तळावर.

आता २०१९. 'एफ-१६ फक्त दहशतवाद्यांवर वापरायचं' असा करार होता, असं आपल्याकडे चॅनेलवाले ओरडून सांगत होते. पण अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात कायद्यात विकलेलं शस्त्र कशासाठी वापरता येईल ते दिलंय, आणि त्यात 'रास्त स्वसंरक्षण' हेही एक कारण आहे. हा शब्द ताणाल तेवढा ताणतो. एफ-१६ वापरलंच नाही असं पाकिस्तान म्हणत होता. आपण २८ फेब्रुवारीला अमराम या अमेरिकी क्षेपणास्त्राचा तुकडा पत्रकारांसमोर ठेवला; पाकिस्तानकडे ते फक्त एफ-१६ वरूनच सुटतं. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांना पत्र लिहिलं, ते डिसेंबरमध्ये बातम्यांत आलं. त्यातली तक्रार ही की मंजुरी नसलेल्या तळांवर विमानं आणि क्षेपणास्त्रं हलवली. म्हणजे आमच्यासारखंच, मशीन का सरकवलं!

पण त्या पत्राच्या महिनाभर आधी, जुलैमध्ये, त्याच अमेरिकेने या एफ-१६ वर देखरेख ठेवायला मदत करणाऱ्या ६० कंत्राटी माणसांसह साडेबारा कोटी डॉलरची तांत्रिक सेवा पाकिस्तानला विकायला मंजुरी दिली होती. म्हणजे पाकिस्तानने स्वतःवर पहारा ठेवणाऱ्याचा पगार स्वतःच द्यायचा. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अट मोडली की नाही हे विकणाराच ठरवतो, आणि तेव्हा त्याला गिऱ्हाईक हवं आहे की नको त्यावरून ठरवतो.

गिऱ्हाईक नको झालं की काय होतं तेही पाकिस्ताननेच पाहिलंय. अफगाणिस्तानात रशिया होता तोवर ४० एफ-१६ मिळाली. मग सोव्हिएत फौजा परत गेल्या, आणि १९९० मध्ये 'पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही' असं प्रमाणपत्र द्यायला अमेरिकी अध्यक्षांनी नकार दिला; प्रेसलर दुरुस्ती या अमेरिकी कायद्याप्रमाणे ते नसेल तर मदत आणि शस्त्रं बंद. पैसे भरलेली २८ विमानं अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. १९९८ च्या शेवटी तडजोड झाली, तिच्यात रोख रकमेसोबत गहूही होता. लढाऊ विमानाच्या बदल्यात गहू! त्यातली काही विमानं पुढे अमेरिकन नौदलाने सरावात शत्रूची भूमिका करायला वापरली.

हसू नका, आपलीही पाळी आली होती. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर आपल्या तेजस लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रण यंत्रणेवर अमेरिकेत लॉकहीड मार्टिन कंपनीबरोबर काम करणाऱ्या आपल्या इंजिनियरांना परत पाठवलं. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटनची, पण त्यांच्यातले काही भाग अमेरिकन. स्पेअर अडकले आणि हेलिकॉप्टरं जमिनीवर बसली. नाक दाबलं की तोंड उघडतं, त्यासाठी विमान परत मागावं लागत नाही. पुढे २००९ मध्ये आपणही अमेरिकेबरोबर 'अंतिम वापरावर देखरेख', म्हणजे विकलेलं शस्त्र कुठे आणि कसं वापरलं जातं याची तपासणी, करू देण्याचं मान्य केलं. तेव्हा संसदेत विरोधकांनी गदारोळ केला होता.

रशियाचा असा कागदोपत्री जाच कमी. पण इथे ओझरच्या विमान कारखान्यात रशियन सुखोई-३० बनायची तेव्हाही बराच कच्चा माल आणि भाग तिकडूनच यायचे, आणि सोव्हिएत संघ फुटल्यावर मिगच्या स्पेअरसाठी झालेली वणवण जुने लोक अजून सांगतात. फ्रान्स नखरे कमी करतो, पैसे जास्त घेतो. तरी राफेलला आपलं अस्त्र क्षेपणास्त्र बसवायचं तर ते बनवणाऱ्या दासो कंपनीचं दार वाजवावंच लागतं.

मग स्वतःचं बनवा, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. तेजसच्या मार्क-१ए या नव्या आवृत्तीसाठी २०२१ मध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीकडे ९९ इंजिनं मागवली. त्यांतलं पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. यात कुणी बंदी घातली नव्हती, नुसता उशीर होता. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून नाशिकचं पहिलं मार्क-१ए उडालं, त्या दिवशी आमच्या वर्कशॉपमध्ये पेढे वाटले. पेढा खाताना एका पोऱ्याने विचारलं, "काका, याचं इंजिन हलवलं तर लॉक होतं का?"