प्रश्न खिडकीचा होता

परदेशी स्थायिक होणारी जी मराठी कुटुंबे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला प्रश्न नोकरीचा, भाषेचा किंवा मुलांच्या शाळेचा नसून घरातल्या मांजरांचा असतो. तो विचारताना ही माणसे ओशाळतात आणि "प्रश्न तसा किरकोळ आहे" अशी प्रस्तावना करतात. मांजरांना बरोबर न्यावे की कुणाकडे सोपवावे, विमानप्रवास त्यांना सोसेल का, आणि तिथले लोक मांजर पाळणाऱ्या आपल्यासारख्यांकडे कसे पाहतील, अशा तीन पदरांचा हा प्रश्न असतो. पहिल्या दोन पदरांना बऱ्यापैकी निश्चित उत्तरे आहेत. तिसऱ्या पदरासाठी मात्र लोक तिथे पोहोचल्यावर पुन्हा माझ्याकडे येतात, आणि त्या वेळी ते बरेच खचलेले असतात. त्यातली एक हकिगत मी इथे सांगत आहे. ती संबंधित व्यक्तीच्या संमतीने, नावे आणि काही तपशील बदलून सांगितलेली आहे.

मेधा पुण्यात कोथरूडला राहत होती. तिच्याकडे दोन मांजरे होती. चिंगी ही तिरंगी मांजरी आणि भोपळ्या हा नारिंगी बोका. तिचा नवरा वाहनउद्योगात अभियंता असल्यामुळे, पुण्यातल्या त्या क्षेत्रातल्या अनेकांप्रमाणे, त्याची बदली जर्मनीत श्टुटगार्टला झाली. सासूबाईंनी लगेच मार्ग सुचवला की मांजरे वाड्यावर चुलत दिरांकडे ठेवावीत, कारण कुत्र्याला माणसाचा लळा असतो आणि मांजराला घराचा. ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की मेधाला स्वतःलाही ती अर्धी खरी वाटत होती. मांजर जागेच्या बाबतीत हळवे असते, हे खरेच आहे. परंतु २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी, तान्ह्या मुलांचे आईशी असलेले नाते तपासण्यासाठी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी वापरलेली पद्धत मांजरांवर वापरून पाहिली, तेव्हा जवळजवळ दोन-तृतीयांश मांजरांचे आपल्या माणसाशी असलेले नाते सुरक्षित स्वरूपाचे असल्याचे दिसले. अनोळखी खोलीत आपले माणूस परत आले की ती निवळत आणि पुन्हा खोली धुंडाळू लागत. म्हणजे जागा नवीन असली तरी ओळखीचे माणूस बरोबर असणे मांजराच्या लेखी मोलाचे असते. मी मेधाला एवढेच सांगितले आणि निर्णय तिच्यावर सोपवला. तिने मांजरे न्यायचे ठरवले.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यातली घाई पुढे मनस्तापाला कारण होते. भारतातून युरोपीय संघात मांजर न्यायचे असेल तर आधी त्वचेखाली मायक्रोचिप बसवावी लागते आणि त्यानंतर रेबीजची लस द्यावी लागते. हा क्रम उलटला तर ती लस धरली जात नाही. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासला जातो, रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचे (अँटिबॉडीजचे) प्रमाण प्रतिमिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते, आणि नमुना घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबावे लागते. या साऱ्याची गोळाबेरीज चार महिन्यांच्या वर जाते, आणि नोकरी देणारे सहसा तेवढे थांबत नाहीत. मेधाचा नवरा पुढे गेला, ती मांजरांसाठी मागे राहिली, आणि "मांजरांपायी संसार दोन ठिकाणी" हे वाक्य तिला त्या काळात जवळच्या प्रत्येक नातेवाइकाकडून ऐकावे लागले. या मुद्द्यावर माझा सल्ला ठरलेला आहे: बदलीची नुसती कुणकुण लागली तरी चिप आणि लस उरकून टाकावी. बदली रद्द झाली तरी त्यात मांजराचे काही नुकसान नाही.

प्रवास निर्विघ्न झाला. पिंजरा आधी कित्येक आठवडे दिवाणखान्यात उघडा ठेवलेला असल्यामुळे चिंगीला तो आपला वाटू लागला होता, आणि पशुवैद्यांच्या सांगण्यानुसार मेधाने गुंगीचे औषध टाळले होते. नियम पाळलेले असल्यामुळे जर्मनीत मांजरांना विलगीकरणात ठेवावे लागले नाही. भोपळ्या पहिले काही दिवस पलंगाखाली बसून राहिला, नंतर बाहेर आला आणि जेवू लागला. मेधा मात्र दोन महिन्यांनी माझ्यासमोर पडद्यावर आली तेव्हा तिचा चेहरा ओढलेला होता.

"मॅडम, आम्ही परत यायचा विचार करतोय. इथली माणसं आम्हाला मांजरं पाळू देणार नाहीत."

मी घटना विचारली. घरमालकाने घर देताना बजावले होते की भिंतींना बुरशी लागू नये म्हणून खिडक्या रोज उघडून हवा खेळती ठेवायची. त्याप्रमाणे मेधाने स्वयंपाकघराची खिडकी वरून आत कललेल्या स्थितीत उघडी ठेवली होती. जर्मन घरांतल्या खिडक्या दोन तऱ्हांनी उघडतात, दारासारख्या पूर्ण, किंवा खालची कड जागेवर ठेवून वरून तिरक्या. त्या तिरक्या खिडकीपाशी चिंगी बसली होती. समोरच्या इमारतीतल्या एका वयस्क बाईंनी ते पाहिले, त्या जिने उतरून, चढून आल्या, घंटी वाजवली आणि मोठ्या आवाजात बराच वेळ बोलल्या. मेधा दार लावून रडली. त्यानंतर तिने खिडक्या उघडणे सोडले, आणि इमारतीचा जिना झाडण्याची मेधाच्या घराची पाळी असे त्या आठवड्यात ती रात्री उशिरा, कुणी भेटणार नाही अशा वेळी जिना झाडू लागली.

"त्या बाई नेमकं काय म्हणाल्या?"

"मला 'मांजर' आणि 'धोकादायक' एवढंच कळलं. पण चेहरा कळतो ना, मॅडम. ही बाई मांजरं सांभाळायच्या लायकीची नाही, असंच त्या बोलत होत्या."

"बोलताना त्यांचं बोट कुठे होतं?"

मेधा थांबली. हा प्रश्न मी सहज विचारलेला नव्हता. अपमान झाल्याची आठवण सांगताना माणूस समोरच्याचे शब्द आणि आपला अर्थ एकत्र मळून टाकतो. त्यातून शब्द वेगळे काढता येत नसतील, तर हात, नजर, उभे राहण्याची जागा अशा दिसणाऱ्या गोष्टी विचाराव्यात, कारण त्यांच्यावर अर्थाचा लेप कमी बसलेला असतो.

"खिडकीकडे," ती म्हणाली. "सगळा वेळ खिडकीकडेच होतं."

तिरक्या खिडकीचा धोका तोवर तिला ठाऊक नव्हता. मांजर वरच्या फटीतून बाहेर निघू पाहते, घसरते, आणि खाली निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत कंबरेपाशी अडकते. सुटण्यासाठी जितकी धडपड करते तितकी अधिक खाली रुतते. अशा अपघातांत मांजरे लुळी पडतात, मरतात. जर्मनीत मांजर पाळणाऱ्यांना हा धोका चांगला माहीत असतो, आणि अशा खिडक्यांना लावण्याच्या जाळ्या दुकानांत सर्रास मिळतात. त्या बाई चिंगीला वाचवायला आल्या होत्या. त्यांची बोलण्याची रीत कडक होती, यात शंका नाही. आपल्याकडे असे काही सांगताना आधी चार गोड शब्द बोलण्याची पद्धत आहे. तिथे धोका दिसला की थेट धोक्याबद्दल बोलतात.

एवढ्यावर संभाषण संपवणे सोपे होते, आणि मेधाही हसून मोकळी झाली असती. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. हीच मेधा कोथरूडमध्ये सोसायटीशी दोन हात केलेली बाई होती. मांजरे काढून टाका अशी नोटीस आली तेव्हा, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असे सांगणारे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे २०१५ चे परिपत्रक छापून, ते फाइलला लावून ती सभेत गेली होती.

"तेव्हा रडू आलं होतं?"

"छे. उलट चेव आला होता."

"मग इथे का आलं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने शांतता भरून काढू नये, या मताची मी आहे. शेवटी ती म्हणाली, "तिथे त्यांना मांजर नकोच होतं. त्यामुळे त्यांचं बोलणं मी कधी मनाला लावूनच घेतलं नाही. या बाईंच्या खिडकीत मात्र त्यांची स्वतःची मांजर बसलेली असते. त्यांना मांजरातलं कळतं. त्यांनी चूक काढली म्हणजे माझं खरंच चुकत असणार, आणि या एकाच गोष्टीत मी चांगली आहे असं मी आजवर समजत होते."

या उत्तरानंतर, परदेशी गेलेल्या इतक्या प्राणिप्रेमी माणसांकडून ऐकलेल्या तक्रारींचा मला नव्याने उलगडा झाला. आपल्याकडे मांजर पाळणाऱ्याला "मांजर का पाळता?" या प्रश्नाची सवय असते: आडवे गेले की अपशकुन, घरात केस, गरोदर बाईला धोका. त्या प्रश्नापुढे तो पाय रोवून उभा राहतो आणि त्या उभे राहण्यातच त्याचा स्वाभिमान घडतो. जर्मनीसारख्या देशात, जिथे मांजर हा सर्वाधिक घरांत पाळला जाणारा प्राणी आहे, तिथे "का" कुणी विचारत नाही. तिथे "कसे" विचारतात. गच्चीला जाळी आहे का, एकटेच ठेवले नाही ना, नसबंदी झाली का, चिपची नोंद झाली का. विरोधकाशी लढण्याची सवय असलेला माणूस जाणकाराच्या प्रश्नापुढे निःशस्त्र होतो, आणि प्रश्न मांजराच्या व्यवस्थेचा असताना उत्तर स्वतःच्या लायकीचे देऊ लागतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझे काम उभे आहे, हे मी लपवत नाही. माणसाच्या कृतीला बरे-वाईट ठरवावे, परंतु अख्ख्या माणसाला गुण देऊ नयेत, हे त्यांचे सांगणे मराठी मनाला पटते लवकर आणि पचते उशिरा, कारण आपण लहानपणापासून "हुशार मुलगी", "गुणी सून" अशा एकगठ्ठा शेऱ्यांवर वाढलेलो असतो. मेधाला मी एक काम दिले. कुणीही मांजरांविषयी काही बोलले की त्या बोलण्याचा विषय ठरेल अशी वस्तू वहीत लिहायची: खिडकी, जाळी, वाटी, केस. वस्तू सापडली तर तिचे काय करायचे ते ठरवायचे. वस्तू सापडलीच नाही, बोलणे केवळ तुमच्या वर्णाविषयी किंवा देशाविषयी असेल, तर तो निखळ पूर्वग्रह समजायचा आणि त्याला तसेच उत्तर द्यायचे. असा पूर्वग्रह असतोच, आणि तो नाही असे कुणाला समजावण्याच्या मी विरोधात आहे.

वहीचा उपयोग लवकरच झाला. अंगणात येणाऱ्या एका काळ्यापांढऱ्या बोक्याला मेधा पुण्याच्या सवयीने खाऊ घालू लागली होती. आपल्याकडे दारी आलेल्या मुक्या जिवाला घास देणे हे पुण्यकर्म असते. तिथे मात्र बाहेर फिरणारे मांजर बहुधा कुणाचे तरी असते, त्याचे खाणेपिणे ठरलेले असते, आणि परस्पर खाऊ घालणे ही दुसऱ्याच्या घरातली ढवळाढवळ मानली जाते. शंका असेल तर लोक मांजराच्या गळ्यात कागदी पट्टा बांधून मालकाची चौकशी करतात. एके दिवशी त्या बोक्याच्या पट्ट्याला चिठ्ठी आली: त्याला मूत्रपिंडाचा विकार आहे, कृपया काही देऊ नये. मेधाने वहीत "वाटी" असे लिहिले, वाटी उचलली, आणि भाषांतराच्या ॲपच्या मदतीने दोन ओळींची दिलगिरी लिहून परत त्याच पट्ट्याला बांधली. मला हे सांगताना तिच्या आवाजात कंप नव्हता. एवढ्या साध्या गोष्टीचा समुपदेशकाला किती आनंद होतो, हे बाहेरच्याला पटणे अवघड आहे.

पुढे ती खिडकीच्या बाईंकडे नवऱ्याला घेऊन गेली, जाळी कोणत्या दुकानात चांगली मिळते ते विचारले, आणि त्या बाईंनी तिला स्वतः दुकानात नेले. गच्चीला जाळी लावण्यापूर्वी घरमालकाची लेखी परवानगी घ्यायला आणि भारतात बसवलेल्या चिपचा क्रमांक टासो या प्राणिनोंदणी संस्थेकडे विनामूल्य नोंदवायलाही त्यांनीच सांगितले. भारतातला क्रमांक तिथल्या कुठल्याच नोंदीत आपोआप जात नाही, त्यामुळे हे काम पहिल्याच आठवड्यात करावे.

घर शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट: भाडेकरारात कुत्र्यामांजरांवर छापील सरसकट बंदी घालणे अवैध आहे, असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेला आहे, प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तोलावे लागते. तरीही घर पाहायला जाताना या निकालाची फाइल काखेत घेऊन जाऊ नये, मांजरांविषयी आधीच मोकळेपणाने सांगावे. स्थानिक दृष्टिकोन एकसाची असतो, असेही समजू नये. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे, त्याच राज्यातल्या वाल्डॉर्फ गावात २०२२ मध्ये जमिनीवर घरटे करणाऱ्या दुर्मीळ तुरेवाल्या चंडोलाच्या रक्षणासाठी प्रशासनाने गावाच्या एका भागातल्या मांजरांना विणीच्या काळात घरातच ठेवण्याचा आदेश काढला आणि गावातले मांजरवाले संतापले. म्हणजे तिथल्या माणसांचेही आपसांत एकमत नाही, आणि आपल्याला सगळ्यांना खूश करण्याची सक्ती नाही.

राहिला मूळ प्रश्न, न्यावे की नाही. तरुण, निरोगी आणि तुमच्याच हाताखाली वाढलेले मांजर न्यावे, असे माझे मत आहे. पोहोचल्यावर सुरुवातीला एकच खोली द्यावी, न धुतलेली जुनी चादर अंथरावी, अन्न काही आठवडे तेच ठेवावे, आणि सलग दिवसभर त्याने काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना फोन करावा, कारण उपाशी मांजराचे यकृत लवकर बिघडते. मांजर फार वयस्क किंवा दीर्घ आजारी असेल, तर पशुवैद्यांचे मत घेऊन त्याला ओळखीच्या माणसाकडे, शक्यतो त्याच घरात, ठेवणे अधिक दयाळूपणाचे ठरू शकते. तसे ठरवणाऱ्यांनी मागे राहणाऱ्या माणसाला खाण्याच्या वेळा, औषधे आणि पशुवैद्यांचा क्रमांक लिहून द्यावा, दरमहा खर्च पाठवावा, आणि व्हिडिओ कॉलवर मांजर आपल्याकडे पाहत नाही याचे वाईट वाटून घेऊ नये. ते पडद्याकडे पाहत नसते, एवढाच त्याचा अर्थ असतो.