सायकलवर हेल्मेटची सक्ती केली तर अपघातातले मृत्यू खरंच कमी होतात का?

हेल्मेटने डोकं वाचतं, पण सक्तीने सायकल चालवणं सुरक्षित होतंच असं नाही; हे दोन प्रश्न वेगळे आहेत. हेल्मेटचं काम साधं: आतला थर्माकोलसारखा फोम आदळताना चेपतो आणि धक्का कवटीपर्यंत पोचेतो मंदावतो. (म्हणूनच एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी फेकायचं.) 2016 साली मांडलेल्या, 40 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याची गंभीर दुखापत 69 टक्के कमी आढळली. मात्र युरोपीय मानकाच्या चाचणीत हेल्मेट सपाट पृष्ठभागावर आदळतं ते ताशी साधारण 20 किलोमीटर वेगाने, म्हणजे सायकलवरून पडल्यासारखं. ट्रकची धडक हा वेगळाच मामला. सक्तीचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1990 मध्ये ती आणली. हेल्मेट वापरणारे वाढले, पण किशोरवयीन मुलांचं सायकल चालवणं घटलं, आणि डोक्याच्या जखमा नेमक्या कशामुळे कमी झाल्या यावर आजही वाद चालू आहे. उलट नेदरलँड्समध्ये साध्या सायकलवर हेल्मेट क्वचितच दिसतं, तरी दर किलोमीटरमागे धोका कमी, कारण तिथे वेगळ्या सायकलवाटा आहेत आणि गल्लीबोळांत गाड्यांचा वेग 30 वर आणलेला आहे. माझं मत विचाराल तर आधी रस्ता, मग कायदा. अपवाद लहान मुलांचा: ती बहुतेकदा स्वतःहूनच पडतात, म्हणून त्यांच्यापुरती सक्ती मला पटते. फक्त पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतका घट्ट हवा. मागे सरकलेलं हेल्मेट कपाळ उघडंच ठेवतं.