नार्ग्सला अधिकचं चिन्ह लावण्यापेक्षा अपेंड वापरा

"--जिल्हा पुणे सातारा रिपोर्ट.सीएसव्ही" असं दिलं तरी आर्गपार्स (कमांडसोबत दिलेले फ्लॅग वाचणारी पायथनची लायब्ररी) वापरणारी तुमची स्क्रिप्ट आउटपुट फाइल मागत बसते, असं तुम्ही लिहिलंय. नार्ग्सला, म्हणजे फ्लॅगने किती व्हॅल्यू घ्यायच्या ते ठरवणाऱ्या सेटिंगला, अधिकचं चिन्ह (एक किंवा जास्त) लावलं की पुढचा डॅशवाला फ्लॅग येईपर्यंत जे दिसेल ते सगळं जिल्ह्यांत जमा होतं, तुमची फाइलसुद्धा. फाइलचं नाव आधी लिहा, नाहीतर त्याच्या अलीकडे नुसते दोन डॅश टाका. आजचं काम भागेल.

पण इथे निदान एरर तरी येते. तोच फ्लॅग दोनदा दिला तर दुसरा पहिल्याला गुपचूप पुसून टाकतो, आणि आम्हाला महागात पडलं ते हे. ग्राहकांना पत्रं पाठवणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमच्या रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये "--वगळा बंद मयत" होतं. कुणीतरी शेवटी "--वगळा चाचणी" जोडलं. झालं, वगळली गेली फक्त चाचणी खाती, आणि मयत खातेदारांच्या घरी थकबाकीची पत्रं गेली. स्क्रिप्ट ज्या विभागाकडे होती, ते तक्रार आली की बंद करायचे: एक्झिट कोड शून्य आहे, म्हणजे प्रोग्रॅम नीट चालला. काय काय वगळलं ते लॉगमध्ये छापा, एवढंच आम्ही मागत होतो. तेवढंही कुणी केलं नाही. त्या घरांत ती पत्रं कुणी उघडली असतील, याचा आजही राग येतो.

म्हणून माझं मत ठाम आहे: अ‍ॅक्शन अपेंड (आलेली प्रत्येक व्हॅल्यू यादीत जोडणारं) ठेवा, एका फ्लॅगला एकच व्हॅल्यू, हवं तितक्यांदा द्या. टायपिंग वाढतं, वाढू द्या. फक्त डिफॉल्टमध्ये भरलेली यादी ठेवू नका. दिलेल्या व्हॅल्यू तिची जागा घेत नाहीत, तिलाच जोडल्या जातात. डिफॉल्ट नन (काहीच नाही) ठेवून नंतर भरा. एका फ्लॅगला अनेक व्हॅल्यू आणि तोच फ्लॅग अनेकदा, अशा दोन्ही पद्धती चालायला हव्या असतील तर पायथन 3.8 पासून एक्स्टेंड हे अ‍ॅक्शन आहे, पण नार्ग्सशिवाय ते वापरलं तर "पुणे"चे प, उकार, ण, मात्रा असे चार तुकडे हातात येतात. टाइपला लिस्ट दिलं तरी तेच.

एकाच फ्लॅगच्या व्हॅल्यू स्वल्पविरामाने तोडणं पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाच्या) नियमांत बसतं, पण फाइलच्या नावातच स्वल्पविराम असला की संपलं. हे सगळं आर्गपार्सपुरतं बोलतोय. क्लिक या दुसऱ्या लायब्ररीत मल्टिपल ट्रू करायचं असतं. आणि फाइलीच घ्यायच्या असतील तर फ्लॅग ठेवूच नका, पोझिशनल, म्हणजे फ्लॅगशिवाय नुसती नावं, घ्या. लिनक्स-मॅकवर नावातलं तारांकन शेल आधीच उलगडून जुळणाऱ्या फाइलींची नावं देतं.