वाचकांचे प्रश्न : पुस्तक कोणी, कोणाला आणि कसे सुचवावे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती : वाचनाच्या याद्या एकमेकांना देणे, पुस्तके सुचवणे आणि सुचवलेली पुस्तके मिळवून वाचणे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही बारा मैत्रिणी गेली काही वर्षे पुस्तक भिशी चालवतो. दरमहा प्रत्येकीने ठरलेली रक्कम काढायची, जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिने त्या पैशांतून आवडीची पुस्तके घ्यायची आणि ती सर्वांनी आळीपाळीने वाचायची, असा आमचा रिवाज आहे. शिवाय वाचलेल्या चांगल्या पुस्तकांची नावे आम्ही एका सामाईक वहीत लिहितो. वहीत आता दोनशेहून अधिक नावे झाली आहेत. परंतु त्यांतले एखादे निवडून कोणी वाचले, असे क्वचितच घडते. या यादीचा उपयोग व्हावा म्हणून काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या वहीत पुस्तकांची नावे आहेत, पण ती कोणासाठी आणि कशासाठी सुचवली हे नाही. यादी पडून राहण्याचे मुख्य कारण मला हेच दिसते. एखादी मैत्रीण समोर बसून ‘हे तू वाचच’ असे म्हणते तेव्हा तुमची आवड, तुमच्या हाताशी असलेला वेळ, नुकतेच तुम्ही काय वाचून संपवले आणि काय अर्धवट सोडले, हे सगळे तिला ठाऊक असते, आणि म्हणूनच तिच्या शब्दाला वजन असते. तेच नाव वहीत उतरले की ही सारी माहिती गळून पडते आणि शीर्षक व लेखकाचे नाव एवढेच उरते. ते तर प्रकाशकाच्या सूचीतही मिळते. म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक नावापुढे चार-सहा ओळींचा मजकूर लिहिण्याचा नियम करावा आणि तो लिहिल्याशिवाय नाव वहीत घेऊ नये.

या मजकुरात काय असावे, हे उदाहरणाने सांगणे सोपे जाईल. समजा, तुमच्यापैकी एकीला ‘बनगरवाडी’ सुचवायची आहे. तिने असे लिहावे : ‘व्यंकटेश माडगूळकर यांची १९५५ सालची कादंबरी. आकाराने लहान, रोज थोडी वाचली तरी आठवड्यात पूर्ण होईल. औंध संस्थानच्या काळात माणदेशातील धनगरांच्या वाडीवर शिक्षक म्हणून गेलेला तरुण आपली हकिकत सांगतो. रहस्य नाही, घटनांची घाई नाही. माणसे, मेंढरे, माळ आणि पाऊसपाणी यांतूनच सारे घडत जाते. माणसांचे बारीक निरीक्षण आणि कमी शब्दांतले वर्णन ज्यांना आवडते त्यांनी जरूर वाचावी. पुढे काय होणार या उत्सुकतेवरच ज्यांचे वाचन चालते, त्यांना सुरुवात संथ वाटेल. आपल्या जिल्ह्यातला आटपाडीकडचा भाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वाचताना तो प्रदेश ओळखीचा वाटेल. माझ्याकडे प्रत आहे.’

यात शेवट सांगितलेला नाही आणि ‘अप्रतिम’, ‘अविस्मरणीय’ अशी विशेषणेही नाहीत, तरीही हे पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही हे वाचणारीला ठरवता येते. पुस्तक कोणाला आवडणार नाही, हे सांगणारे वाक्य लिहायला बहुतेकजण संकोचतात, कारण आवडत्या लेखकाविषयी उणे बोलल्यासारखे वाटते. ते वाक्य कृपया गाळू नका. एखाद्या पुस्तकाची मर्यादा जी स्वतःहून सांगते, तिने केलेल्या स्तुतीवर पुढच्या वेळी अधिक विश्वास बसतो.

आता आधीच्या दोनशे नावांविषयी. ती खोडू नका, पण प्रत्येकीने त्यांतील केवळ पाच निवडून त्यांवर असा मजकूर लिहावा आणि ही साठ पुस्तके नव्या वहीत घ्यावीत. साठ नावेसुद्धा बारा जणींना दीर्घकाळ पुरतील. याखेरीज भिशीच्या दिवशी बोलण्याचा क्रमही बदलून पाहा. ‘मी हे वाचले, तुम्हीही वाचा’ याने सुरुवात करण्याऐवजी एकीने आधी आपली गरज मांडावी : सध्या घरात आजारपण आहे, मन लागत नाही, लहान लहान लेखांचे काही सांगा, किंवा प्रवासवर्णने पुष्कळ झाली, आता एखादे चरित्र हवे आहे. मग इतरांनी सुचवावे. भारतातील ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पुस्तकरूपाने जे पाच नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे दोन नियम लागोपाठ येतात. तुमची वही सध्या पुस्तकांच्या बाजूने भरलेली आहे. वाचकाच्या बाजूने ती अजून कोरीच आहे.

प्रश्न : माझ्या जुन्या सहकाऱ्याने मोठ्या प्रेमाने एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी वाचायला दिली. पन्नास-साठ पानांनंतर मला ती पुढे वाचवेना. ते भेटले की ‘कुठपर्यंत आलात?’ असे विचारतात. खरे सांगितले तर त्यांना वाईट वाटेल, अशी भीती वाटते. (एक निवृत्त शिक्षक, अमरावती)

उत्तर : खरे सांगावे, मात्र ते निकालाच्या भाषेत सांगू नये. ‘कादंबरी कंटाळवाणी आहे’ या वाक्याने बोलणे संपते; ‘दरबारातील संवाद फार लांबतात, तिथे माझे लक्ष उडाले; लढाईच्या आधीच्या तयारीचा भाग मात्र आवडला’ या वाक्याने ते सुरू होते. तुमच्या सहकाऱ्यांना त्यातून तुमची आवड अधिक नेमकी कळेल आणि पुढचे पुस्तक ते अधिक विचाराने देतील. आपण सुचवलेले पुस्तक दुसऱ्याने अर्धवट ठेवणे म्हणजे आपल्या आवडीचा अव्हेर, असे मानण्याचे कारण नाही, आणि इतकी वर्षे सोबत काम केलेली व्यक्ती तसे मानणारही नाही. पुस्तक लवकर परत करा आणि त्यासोबत तुमच्या आवडीचे एखादे त्यांना द्या.

प्रश्न : आम्ही शेजारची चार कुटुंबे दिवाळी अंक वाटून घेतो. प्रत्येक घरी तीन अंक विकत घेतले जातात व ते फिरतात. तरीही अंक कुठेतरी अडकतात, आणि कोणत्या अंकात काय वाचण्यासारखे आहे हेही कळत नाही. काही पद्धत सुचवाल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा चार घरांनी मिळून जपावी, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

दिवाळी अंकाच्या बाबतीत संपूर्ण अंकाची शिफारस फारशी उपयोगी पडत नाही, कारण एकाच अंकात उत्तम कथा, बरा लेख आणि सोडून देण्याजोगा मजकूर शेजारी शेजारी असतो. तेव्हा शिफारस लेखाची करावी. अंकाच्या अनुक्रमणिकेवरच पेन्सिलने खूण करावी व खुणेपुढे आपले आद्याक्षर लिहावे. अंक चौथ्या घरी पोहोचेपर्यंत त्या एका पानावर तीन घरांची मते जमलेली असतात : एखाद्या कथेपुढे तीन आद्याक्षरे दिसली की वेळ कमी असणारा आधी तीच वाचतो, आणि एकाच आद्याक्षराची खूण असलेला लेख पाहून ‘तुम्हाला यात काय आवडले?’ असे विचारायला निमित्त मिळते. सासूबाईंची आणि नातवाची खूण एकाच लेखावर पडलेली दिसणे, हा या पद्धतीतला फार मोठा आनंद आहे.

अंक अडकू नयेत म्हणून मुखपृष्ठाच्या आतील बाजूस चारही घरांची नावे व अंक पुढे देण्याची तारीख लिहावी. एका घरी दहा दिवस पुरतात. बारा अंक सर्वांचे वाचून होईपर्यंत मार्च उजाडेल, पण दिवाळी अंक शिळा होत नाही. बारापेक्षा अधिक अंक हवे असल्यास जवळच्या वाचनालयात चौकशी करावी; दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेऊन ते काही महिने वाचायला देण्याची योजना अनेक वाचनालये चालवतात.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. ती भरपूर वाचते, पण फक्त इंग्रजी. मी तिला उत्तम मराठी पुस्तकांची यादी करून दिली. तिने ती उघडूनही पाहिली नाही. (एक पालक, पुणे)

उत्तर : तुम्ही तिची यादी मागितली होती का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. तिने यंदा वाचलेल्या पुस्तकांपैकी तिला सर्वांत आवडलेले एक तिच्याकडून मागून घ्या, ते पूर्ण वाचा आणि त्याविषयी तिच्याशी बोला. परीक्षा घेतल्यासारखे नव्हे, तर तुम्हाला खरोखर जे प्रश्न पडले तेच विचारा. त्यानंतर तिच्या आवडीच्या प्रकारातले एकच मराठी पुस्तक सुचवा. ती विज्ञानकथा वाचत असेल तर मराठीत विज्ञानकथा आहेत; गूढकथा, साहसकथा आहेत. तुम्हाला त्या वयात काय आवडले होते, याला येथे दुय्यम स्थान द्यावे लागेल.

शक्य झाल्यास सुट्टीत पाचगणीजवळच्या भिलारला जा. ४ मे २०१७ रोजी हे ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. तेथे गावकऱ्यांच्या घरांतून व देवळांतून साहित्यप्रकारांनुसार मांडलेली मराठी पुस्तके बसून वाचता येतात. तिला तेथे कोणतीही यादी देऊ नका. कोणत्या घरात ती अधिक रेंगाळली, एवढे मात्र लक्षात ठेवा. पुढे काय सुचवायचे हे त्यावरून ठरवता येईल.

प्रश्न : आमच्या वाचकगटातील एक वयोवृद्ध सदस्य नेहमी जुन्या पुस्तकांची शिफारस करतात. ती बाजारात मिळत नाहीत. कधी लेखकाचे नाव आठवत नाही, तर कधी शीर्षक अर्धवट आठवते. अशी पुस्तके शोधावीत कशी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ज्यांच्या स्मरणात अशी पुस्तके आहेत ते सदस्य तुमच्या गटात आहेत, ही मोलाची गोष्ट आहे. त्यांना जे आठवते ते सगळे आधी लिहून घ्या : साधारण कोणत्या वर्षी वाचले, कोणत्या गावी, मुखपृष्ठ कसे होते, पात्रांची नावे काय होती. मग शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा आधार घ्या. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद देतो. एका माणसाने चिकाटीने उभे केलेले हे काम आजही अशा शोधासाठी सर्वांत विश्वासाचे आहे. मोठ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात हे खंड पाहायला मिळतात. शीर्षक निश्चित झाले की जुन्या ग्रंथालयांकडे विचारणा करावी. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून पुस्तके जमवत आले आहे. तुमच्या शहरातील जुने वाचनालयही वगळू नका. यंत्रावरच्या यादीत नाव दिसले नाही, तर ग्रंथपालांना जुन्या दाखल नोंदवहीत पाहण्याची विनंती करावी.

प्रश्न : आम्ही परदेशात राहणारे काही मराठी वाचक मोबाइलवरील गटात पुस्तके सुचवतो. कोणी नाव सुचवले की लगेच ‘पीडीएफ आहे का?’ असा प्रश्न येतो, आणि कोणीतरी ती टाकतोही. हे योग्य आहे का? इथे मराठी पुस्तके मिळत नाहीत, ही अडचण मात्र खरी आहे. (एक वाचक, दुबई)

उत्तर : स्वामित्वहक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाची अशी प्रत फिरवणे योग्य नाही, आणि मराठीत त्याची झळ अधिक बसते, कारण येथे आवृत्त्या लहान असतात. शंभर वाचकांनी विकत घेण्याऐवजी फुकट प्रत उतरवून घेतली, तर पुढच्या आवृत्तीचा निर्णय त्यावरून फिरू शकतो. ज्या लेखकाचे पुस्तक आपण इतक्या आपुलकीने सुचवतो, त्याचेच नुकसान करण्यास आपण हातभार लावू नये, असे मला तळमळीने वाटते.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून मुक्त आहे. अनुवादित पुस्तकात अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही परदेशात असल्याने तेथील नियमही पाहावेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने व मराठी विश्वकोश अधिकृतपणे विनामूल्य वाचता येतात.

छापील पुस्तकांसाठी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाची चौकशी करा. २००९ पासून चालणाऱ्या या उपक्रमात पुस्तकांची पेटी वाचकगटाकडे येते आणि काही काळाने ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. परदेशांतही, आणि दुबईतही, अशा पेट्या गेलेल्या आहेत. तुमच्या गटात एक नियम मात्र आजच करता येईल : पुस्तक सुचवणाऱ्याने त्याच संदेशात ते विकत कोठे मिळते, अधिकृत ई-आवृत्ती आहे का आणि गटात कोणाकडे प्रत आहे, हे लिहावे. ही माहिती सोबत असली की पीडीएफची मागणी करणाऱ्याला तिथल्या तिथे दुसरा मार्ग दाखवता येतो.