झेडच्या डॅशबोर्डला तडे: टोपी, लांबी की सरळ नवा?

प्रश्न : ताई, माझ्याकडे १९७२ ची डॅटसन २४०झेड आहे, निसानची जुनी स्पोर्ट्स कार. तीन वर्षांपूर्वी टूसॉनच्या एका आजोबांकडून घेतली. इंजिन झालं, ब्रेक झाले, रंग झाला. आता राहिला डॅशबोर्ड. त्याला चार तडे गेलेत. सगळ्यात मोठा तडा स्पीडोमीटरच्या वरून निघून मधल्या मीटरपर्यंत आलाय आणि त्यात क्रेडिट कार्ड उभं राहतं. मित्र म्हणतो, वरून प्लॅस्टिकची टोपी चिकटव आणि मोकळा हो. बायको म्हणते, एवढा खर्च केलास तर आता नवाच घाल. घरी काढता येईल का? इंजिनाचं काम मला जमतं, वायरिंगला मात्र घाबरतो. — एक वाचक, फिनिक्स

उत्तर : क्रेडिट कार्ड उभं राहतं म्हणजे अजून बरं चाललंय म्हणायचं. माझ्या १९७१ च्या झेडमध्ये पेन्सिल राहायची, आणि एकदा तर मुलीने त्यात चक्क अगरबत्ती खोचली होती.

आधी तडे का जातात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. या डॅशबोर्डचे तीन थर असतात. आत पत्र्याचा सांगाडा, त्यावर फोम आणि वरून व्हिनाइलची कातडी. व्हिनाइल मुळात कडक असतं. त्यात तेलासारखं द्रव्य मिसळून ते मऊ केलेलं असतं. बंद गाडी उन्हात तापली की हे द्रव्य हळूहळू उडून जातं. जातं कुठे? तुमच्या समोरच्या काचेवर. आतून बोट फिरवलं की जो चिकट, धुकट पापुद्रा हाताला लागतो ना, तो तुमचा डॅशबोर्डच आहे, थोडा थोडा करून तिथे जाऊन बसलेला. इकडे कातडी आकसत जाते, खालचा फोम ठिसूळ होतो आणि आतला पत्रा तर हलायलाच तयार नसतो. मग जिथे जागा सगळ्यात अरुंद, म्हणजे मीटरच्या झापडांच्या कोपऱ्यात आणि दोन मीटरच्या मधे, तिथे कातडी फाटते. तड्याच्या कडा वर वळलेल्या दिसतात त्या या ताणामुळेच.

आणखी एक. १९७० साली ही गाडी अमेरिकेत ३,५२६ डॉलरला विकायला आली. जपानमध्ये तिचं नाव होतं फेअरलेडी झेड. इथले निसानचे प्रमुख युताका कातायामा यांनी हट्टाने ते नाव काढून नुसतं २४०झेड ठेवलं, आणि बरंच केलं. पण त्या परवडणाऱ्या किमतीमुळे ही गाडी शिक्षकांनी घेतली, नर्सेसनी घेतली, नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरांनी घेतली. ती गॅरेजमध्ये चादर पांघरून बसली नाही, ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज नऊ ते पाच उन्हात तापली. म्हणून आज न तडकलेला मूळ डॅशबोर्ड दिसला की लोक आधी त्याचा फोटो काढतात, मग इंजिनाकडे वळतात.

आता तुमच्या मित्राची टोपी. ती म्हणजे मूळ आकारावर बसेल असं एबीएस प्लॅस्टिकचं पातळ कवच. सिलिकॉनने चिकटवतात, दुपारभराचं काम. लांबून छान दिसते. पण मीटरभोवतीची कड जाड होते, ग्लोव्हबॉक्सच्या वर एक शिवण दिसत राहते आणि खालचा तडा आपलं काम करतच असतो. मी १९९९ मध्ये हाच शहाणपणा केला होता. दहा वर्षांनी टोपी काढायला गेले तर सिलिकॉनबरोबर कातडीही आली, आणि कातडीबरोबर मूठभर फोम. तोपर्यंत तो डॅशबोर्ड निदान दुरुस्त होण्यासारखा तरी होता. पुढेमागे खरा डॅशबोर्ड घालायचा विचार मनात असेल तर टोपी लावू नका. नसेल तर खुशाल लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी वाट लांबी, म्हणजे भेगा बुजवायचं मिश्रण, भरण्याची. तड्याच्या वळलेल्या कडा पात्याने कापायच्या, खाली व्हीच्या आकाराची खाच करायची, सुटलेला फोम खरवडायचा आणि त्यात दोन भागांचं, सुकल्यावरही थोडं लवचिक राहणारं युरेथेन भरायचं. मग पॉलिश पेपर, मग दाणेदार पोत उठवणारा फवारा, मग व्हिनाइलचा रंग. बॉडीशॉपमधली नेहमीची पॉलिएस्टरची लांबी इथे चालत नाही. ती दगडासारखी होते आणि पहिल्याच उन्हाळ्यात कडेने सुटते. मी भरलेलं युरेथेन फ्रेस्नोच्या उन्हात दोन उन्हाळे टिकलं. तिसऱ्या उन्हाळ्यात भरलेली जागा तशीच शाबूत आणि तिच्या शेजारून दोन इंचांवर नवा तडा. त्याचा काय दोष? उरलेली कातडी जुनीच होती ना. शिवाय आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं चमक आणणारे सिलिकॉनचे फवारे मारले असतील तर त्यावर काहीच नीट चिकटत नाही, रंगाला माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं पडतात. तुमच्या टूसॉनच्या आजोबांना एक फोन करून विचारा.

तिसरी वाट म्हणजे आपलाच डॅशबोर्ड एखाद्या कारखान्याकडे पाठवायचा. ते जुनी कातडी सोलतात, फोम नव्याने घडवतात आणि व्हिनाइलचा तापवलेला पत्रा वरून हवा खेचून बसवतात. काम चोख होतं, पण महिनोन्महिने वाट बघावी लागते. झेडच्या झापडी खोल असल्याने तिथे व्हिनाइल ताणलं जातं आणि पोत थोडा पुसट होतो. तिरका उजेड टाकला की कळतं. तुम्हाला कळेल, शेजाऱ्याला नाही.

आणि चौथी, पूर्ण नव्याने बनवलेला डॅशबोर्ड. फिनिक्समध्ये गाडी चालवायचीच आहे, नुसती दाखवायची नाही, तर मी बायकोच्या बाजूने आहे. फक्त ऑर्डर देण्यापूर्वी ड्रायव्हरच्या दाराच्या खाचेतल्या पट्टीवरचा गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष लिहून घ्या आणि विक्रेत्याला तेच कळवा. २४० आणि तिच्यानंतर आलेल्या २८० चे डॅशबोर्ड चुलतभाऊ आहेत, जुळे नाहीत, आणि २४० मध्येही वर्षागणिक बारीक फरक आहेत.

घरी काढता येईल का? येईल. वायरिंगची भीतीही योग्यच आहे, ती सोडू नका. पहिलं काम, बॅटरीची ऋण बाजू सोडवा. रेडिओपुरती ही गोष्ट नाही. या गाडीत अँपियर दाखवणारा मीटर आहे आणि गाडीचा बराचसा करंट त्या मीटरमधून फिरून येतो. त्याच्यामागच्या जाड वायरीला पाना टेकला तर ठिणगीवर भागणार नाही.

मग ड्रायव्हरची सीट काढा. लोक ही पायरी गाळतात आणि मग आठवडाभर पाठ शेकत बसतात. उलटं झोपून, डोकं पेडलपाशी आणि पाय मागच्या काचेकडे, असंच हे काम करावं लागतं. स्टिअरिंगचा नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. चाक अचानक सुटतं तेव्हा नट नसेल तर ते थेट तोंडावर येतं. माझ्या वरच्या ओठावर त्याची खूण आहे. त्यानंतर कॉलमवरचं प्लॅस्टिकचं आवरण आणि इंडिकेटरची कांडी काढायची, कॉलम खाली सोडायचा, मधला कन्सोल, रेडिओ, ग्लोव्हबॉक्सचा पुठ्ठा आणि हीटरच्या दांड्या मोकळ्या करायच्या. स्पीडोमीटरची केबल मागून हातानेच फिरवून सुटते, पक्कड लावू नका. डॅशबोर्ड स्वतः काचेच्या बाजूने वर, दोन्ही टोकांना आणि मधे गिअरबॉक्सवरच्या बोगद्यापाशी धरलेला असतो. मीटरसकट उचलता येतो, पण दोन माणसं हवीत. एकट्याने ओढला तर काचेच्या कोपऱ्यात अडकतो आणि जुना तर हमखास मोडतो. थंडीत तर मुळीच नाही. मी जानेवारीत सकाळी सात वाजता ओढला, उजवा कोपरा बिस्किटासारखा हातात आला. तुमच्याकडे मार्च किंवा नोव्हेंबरची दुपार उत्तम.

वायरींना खुणा कराच. पण मी केल्या तशा नको. मी मास्किंग टेपच्या चिठ्ठ्यांवर १ ते २७ आकडे घातले, वहीत यादी केली, स्वतःवरच खूश झाले. काम रखडलं पाच महिने. गॅरेजच्या उकाड्यात टेपचा गोंद वाळला आणि एक दिवस दार उघडलं तर सत्तावीस चिठ्ठ्या जमिनीवर पानगळीसारख्या पडलेल्या. तेव्हा दोऱ्याने बांधायची पुठ्ठ्याची लेबलं घ्या आणि प्रत्येक जोडाचा फोटो काढा, एक लांबून आणि एक इतका जवळून की वायरीवरची रंगाची रेघ दिसेल.

डॅशबोर्ड बाहेर असताना हात दुसरीकडेही पोचतो, त्याचा फायदा घ्या. हीटरचे रबरी पाइप आणि व्हॉल्व बदला, कारण नंतर त्यांच्यासाठी पुन्हा हेच सगळं काढावं लागेल. आणि मीटरमधले दिवे. त्यांच्यावर हिरव्या प्लॅस्टिकची टोपडी घातलेली असतात. नवी असताना ठीक होती, आता पन्नास वर्षांनी त्यांतून येणारा उजेड म्हणजे शेवाळलेल्या विहिरीत काजवा. टोपडी काढून टाकायची की ठेवायची यावर या गाडीवाल्यांत भांडणं होतात. मी काढली.

नवा डॅशबोर्ड आला की मीटर बसवण्याआधी एकदा रिकामाच गाडीत बसवून बघा. ग्लोव्हबॉक्सच्या दाराची फट, काचेकडे हवा जायची भोकं, बोल्टची भोकं, सगळं. एखादं भोक इकडेतिकडे असतंच. ते टेबलावर कानशीने ठीक करणं पाच मिनिटांचं काम, मीटर लावल्यावर तेच पूर्ण शनिवार खातं.

आणि जुना फेकू नका. तो तडकलेला असला तरी आतला पत्र्याचा सांगाडा मूळ आहे, आणि कातडी चढवून घ्यायची तर कारखान्याला तोच लागतो. माझा माळ्यावर पडलाय, उजव्या कोपऱ्याशिवाय.

प्रश्न : माझी १९७० ची एमजीबी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मुलगा शेजारी बसतो. तिचा जाडजूड डॅशबोर्ड तडकलाय आणि ग्लोव्हबॉक्सही नाही. ब्रिटनमधल्या गाड्यांना असतो तसा काळा पत्र्याचा डॅशबोर्ड बसवू का? दिसतोही कितीतरी सुंदर. — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दिसतो सुंदर, मान्य. तुमच्या गाडीत आहे त्याला टिंगलीने 'ॲबिंग्डन पिलो' म्हणतात. एमजी जिथे बनायची त्या ॲबिंग्डन गावची उशी! १९६८ पासून अमेरिकेत सुरक्षेचे नवे नियम आले. अपघातात डोकं आणि गुडघे आपटले तर मऊ काहीतरी समोर हवं. कंपनीने पत्र्यावर फोमची गादी चढवून वेळ मारून नेली आणि त्यात ग्लोव्हबॉक्सचा बळी गेला. १९७२ च्या गाड्यांत तो परत आला.

पण नियमांसाठी नुसता डॅशबोर्ड नाही, धक्का शोषणारा स्टिअरिंग कॉलमही आला. पत्र्याचा डॅशबोर्ड आणला की कॉलमचा आधार बदलावा लागतो, मग स्विच, मग वायरिंग. लोक करतात, पण वाडा दुरुस्त करायला निघून पाया खणल्यासारखं होतं. शिवाय ती उशी कुणी कितीही हसलं तरी गुडघ्यांसाठीच आहे. तुम्ही लिहिलंय की मुलगा शेजारी बसतो. त्या एका वाक्यावर माझं मत ठरलं. उशी काढून तिच्यावर नवी कातडी चढवून घ्या आणि परत बसवा. आणि सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील, मूळच्या असतील तर. काम सुरू करण्यापूर्वी त्यांची गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर सोडवा, एकीच्या टोकावरचा नुसता जोड काढून थांबू नका.

प्रश्न : डॅशबोर्डला तडे जाऊ नयेत म्हणून रोज काय लावावं? — एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : रोज काहीच नाही. ओल्या सुती फडक्याने धूळ पुसा. चकाकी येते ते फवारे बंद करा. काचेवरचा चिकट थर महिन्यातून एकदा स्पिरिट असलेल्या क्लीनरने काढा, तो परत येणारच. आणि गाडी उभी केली की काचेला आतून चंदेरी पडदा लावा. ह्यूस्टनमध्ये तर दूध आणायला दुकानात पाच मिनिटं जायचं असलं तरी लावा. माझ्या सीटमागे दोन असतात, कारण एक नेहमी नातवंडं तंबू म्हणून पळवतात.