सातव्या महिन्यात रात्री पडल्या पडल्या पायांत वळवळ होते, हलवल्याशिवाय राहवत नाही. हे काय असावे?

अंथरुणाला पाठ टेकताच पायांत वळवळ सुरू होणे आणि पाय हलवल्याशिवाय न राहवणे, हे तुमचे वर्णन 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' या झोपेच्या विकाराशी जुळते, आणि बहुतेक जणींना बाळंतपणानंतर काही आठवड्यांत त्यातून आराम पडतो. विश्रांतीत वाढणे, हालचालीने कमी होणे आणि संध्याकाळनंतर बळावणे या खुणांवरूनच डॉक्टर त्याचे निदान करतात; पोटरीत गोळा आल्यावर स्नायू दगडासारखा घट्ट होतो, तसे यात होत नाही. शरीरातील लोहाचा साठा कमी असणे हे यामागचे एक महत्त्वाचे कारण आहे, आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही हा साठा आटलेला असू शकतो, म्हणून पुढच्या तपासणीच्या वेळी हा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनच्या रक्तचाचणीबद्दल आवर्जून विचारा. 'गरोदरपणात असे चालायचेच' म्हणून रात्री जागून काढण्याची काहीच गरज नाही. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, त्यामुळे मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. सर्दीवरील झोप आणणारी काही औषधे आणि उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड यांनी हा त्रास वाढू शकतो, तेव्हा सध्या काय काय घेत आहात तेही डॉक्टरांना सांगा. मात्र एकाच पायाला सूज, लाली आणि दुखणे असेल, तर ती रक्ताच्या गुठळीची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे.